झेंड्यांपलीकडची ताटली

मामा, तुझ्या लॅपटॉपातलं पुढचं चित्र मी सोमवारी पाहिलं. दोन वर्षं उशिरा.

स्मरणाच्या प्रार्थनेला लावायला तुझा एखादा नीट फोटो हवा होता. मामी म्हणाली, "बघ बाई त्यात, मला त्यातलं काय कळत न्हाई." मी ‘शाळेसाठी’ असं नाव दिलेली तुझी चित्रं उघडली आणि एकेक पुढे सरकवत राहिले. पेंग्विन, लाल कोटातला तू, जनरेटरची खोली, गोठलेलं तळं, मग जहाजावर चढवायला रचून ठेवलेली कचऱ्याची पिंपं. याच चित्रावर राहात्याच्या शाळेत तुझं बोलणं थांबलं होतं. खरं तर मी थांबवलं होतं. चित्रं बदलायला त्या दिवशी मीच लॅपटॉपाशी बसले होते.

सोमवारी बटण दाबलं तर पडदा नुसता पांढरा. वाटलं, फोटो बिघडलाय. मग वरच्या कोपऱ्यात एक नारिंगी ठिपका दिसला, तांदळाच्या परातीत पडलेल्या मसुरीच्या दाण्याएवढा. आणि खाली तू टाईप केलेली ओळ: ‘ही माझी. आणता आली नाही.’

म्हणजे तू सांगणार होतास.

हे छापलं जाईल आणि तुला न ओळखणारी माणसंही वाचतील. त्यांच्यासाठी एवढंच, की तू बेलापूरचा डिझेल मेकॅनिक, माझ्या आईचा धाकटा भाऊ. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात इंजिनं खोलता खोलता एक जाहिरात वाचलीस, अर्ज केलास, आणि दक्षिण ध्रुवाकडच्या आपल्या संशोधन केंद्रावर वर्षभराच्या कंत्राटाने जनरेटर सांभाळायला गेलास. जन्म, शिक्षण, पश्चात कोण कोण, हे सगळं चर्चच्या फलकावर लावलंय. मला ते पुन्हा लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते लिहायचंय.

तू जाणतोस मी कशावर वाढले. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. पप्पा छापायचे, आई मोजायची, मी घड्या घालायची. अक्षरओळख झाली तीच ‘जाहीर निषेध’ या शब्दांनी. खोटं दिसलं की त्याच क्षणी, सगळ्यांसमोर बोलायचं, ही आमच्या घरची शिस्त. तू आलास की पप्पांना म्हणायचास, "दाजी, पोरीला जरा दम खायलाबी शिकवा." पप्पा म्हणायचे, "तो तू शिकव." तुला शिकवायचा होता, मला शिकायचा नव्हता.

तिथून तुझा फोन यायचा तेव्हा मी काय काय ऐकवलंय तुला! तू पहिल्यांदा त्या खेळाचं सांगितलंस तो रविवार आठवतो. गोल्फसारखाच खेळ, पण काठी नाही, चेंडू नाही. हातातली चकती फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. तू चकतीला पहिल्या दिवसापासून ताटलीच म्हणालास. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या केरळच्या बिजूने त्या आपल्या सामानातून आणल्या होत्या, आणि टोपल्या तू भंगारातल्या नळ्या-साखळ्या जोडून केल्या होत्यास.

मी फोनवर फाडकन म्हणाले, "तिथे जाऊन ताटल्या फेकतोयस? इथे आमच्या वस्तीच्या शाळेला खेळायला वीतभर जागा नाही, आणि तुला अख्खा खंड मैदान?"

मला वाटलं तू चिडशील. पण तू म्हणालास, "व्हय गं. फेकताना लाज वाटती. लई मोठं हाय हे, सुवे. मानसाच्या मापाचंच न्हाई."

आता वाटतं, त्या एका वाक्यापुढे माझी सगळी पत्रकं लहान होती. पण तेव्हा मी फक्त ‘लाज’ हा शब्द ऐकला आणि जिंकल्यासारखी फोन आईकडे दिला.

परत आल्यावर तू जे सांगितलंस ते मी तोंड उघडं टाकून ऐकलं, हे मात्र कबूल करते. सूर्य डोक्यावर येतच नाही, घाण्याच्या बैलासारखा कडेकडेने फिरतो. माणसाची सावली पार तळ्याच्या पलीकडे जाऊन पडते. थंडीने ताटली दगडासारखी होते, हातमोजा काढून धरली तर बोटाला चिकटते. आणि ती टोपलीत गेली की साखळी वाजते.

"तो आवाज जायचा तो जायचाच," तू म्हणालास. "अडवायला झाड न्हाई, भिंत न्हाई, मानूस न्हाई. आन तो संपला की आमी सगळे उगाच उभे ऱ्हायचो. डॉक्टर, स्वयंपाकी, शास्त्रज्ञ, मी. कुनी सांगितलेलं न्हाई, कुनी ठरवलेलं न्हाई. पन लगेच कुनाचं तोंड उघडायचं न्हाई."

"प्रार्थनेसारखं?" आईने विचारलं.

"प्रार्थनेत आपन काहीतरी मागतो, ताई. तिथं मागायचंबी सुचत न्हाई."

तिथला कडक नियमही तू तेव्हाच सांगितलास. त्या जमिनीवर माणसाचं काहीही मागे राहता कामा नये. कागद, चिंधी, खिळा, सगळं गोळा करून जहाजाने परत. तुझ्या टोपल्यासुद्धा शेवटी त्या जहाजातच चढल्या. एकदा थंडीत एक ताटली खडकावर आपटून पापडासारखी फुटली, तेव्हा तुम्ही सगळे गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होतात. वेचून झाल्यावर जेवणाच्या टेबलावर ते तुकडे जुळवून अख्खी ताटली मांडायची, म्हणजे काही बाहेर राहिलं नाही याची खात्री, ही तुमची तिथली रीत. त्या दिवशी कडेचा नखाएवढा तुकडा कमी पडला. पुन्हा कोट, पुन्हा बूट, पुन्हा सगळे बाहेर. तो स्वयंपाक्याच्या बुटाच्या तळाला अडकलेला सापडला.

"इतकी माणसं, एका नखाएवढ्या तुकड्यासाठी!" मी म्हणाले.

"तर काय. तिथं आपन पाव्हने. पाव्हन्यानं घरात केर टाकून जायचं व्हय?"

आणि मग तुझी ती नारिंगी ताटली.

दोन महिन्यांचा अंधार सुरू होण्याआधीचे शेवटचे उजेडाचे दिवस होते. केंद्राभोवती बांबूला लाल फडकी बांधून हद्द आखलेली. त्या झेंड्यांच्या आत खडक, पलीकडे बर्फ, आणि त्या बर्फात वरून न दिसणाऱ्या, माणूस गिळतील अशा भेगा. पलीकडे जायचं नाही, मग काहीही होवो. तुझी फेक चांगली होती म्हणे. पण वरच्या अंगाने वाऱ्याचा एकच झोत आला आणि ताटली टोपलीवरून, झेंड्यांवरून गेली आणि पलीकडे जाऊन अलगद बसली. उताणी. जेवायला मांडल्यासारखी.

तीन दिवस ती जनरेटरच्या खोलीच्या दारातून दिसत होती. बिजू म्हणाला, "दादा, रस्सी बाँध के मैं ले आता हूँ." तू त्याला म्हणालास, "तुझ्या आईला मी काय सांगू? ताटली आणायला गेला म्हनून?" चौथ्या दिवशी वादळ आलं, आणि ते सरल्यावर पलीकडे सगळं पांढरं होतं.

वादळाच्या आधी तू तो फोटो काढून ठेवलास, हे मला कधी सांगितलं नाहीस.

पुढचं मात्र सांगितलंस. रोजच्या नोंदवहीत तू स्वतः लिहिलंस, मोडक्यातोडक्या इंग्रजीत: चकती एक, प्लास्टिकची, माझ्या हातून हद्दीपलीकडे गेली, आणता आली नाही, दाविद, मेकॅनिक. तुमचे प्रमुख भला माणूस. म्हणाले, खेळाचं साहित्य हरवलं एवढं लिहा, नाव कशाला? तू म्हणालास, "साहित्याला हात नसतात, साहेब." लिहिलं गेल्यावर त्यांचाही इलाज चालेना. बाहेरचा खेळ बंद झाला; अंधारात दिवे लावून खेळायचा बेतही गेला. पुढे दोन महिने अंधार, वीस-बावीस माणसं एका छपराखाली, आणि त्यांचा एकमेव मोकळा श्वास तुझ्या त्या चार ओळींनी बंद केलेला. स्वयंपाकी वाढताना पुटपुटायचा, "दाविदजी, आपने तो हमारी हवा भी बंद कर दी." तुझ्या बाकावर जेवायला कुणी बसेना.

सूर्य परत आला तेव्हा प्रमुखांनी प्रत्येक टोपलीमागे सामानाची जुनी जाळी लावून घेतली आणि खेळ पुन्हा सुरू केला. पहिली फेक तुला दिली.

"मग?" मी श्वास रोखून विचारलं होतं.

"मग काय. चुकली."

केवढी हसलो होतो आपण! पण रात्रभर मला एकच गोष्ट छळत राहिली. आमच्या प्रत्येक पत्रकात नावं असतात ती दुसऱ्यांची. अमक्याने पाणी पळवलं, तमक्याने जागा लाटली. खाली सही ‘आम्ही’. मी स्वतःचं नाव घालून, स्वतःची चूक म्हणून, एक ओळ तरी कधी छापली होती? आणि तू, ज्याला मी ‘सभेला येत नाहीस, सही करत नाहीस, भित्रा आहेस’ असं म्हणत आले, त्या तू जगाच्या टोकाला, कुणी विचारलेलं नसताना, कुणाला दिसणार नसताना, आपलं नाव लिहून ठेवलंस.

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याऐवजी काय केलं, तर त्या गोष्टीची पहारेकरी झाले. इतकी मोठी गोष्ट आहे तर ती मामाने प्रत्येक ठिकाणी सांगितलीच पाहिजे, असं मीच ठरवून टाकलं.

तू शनिवारी शाळांमधून बोलायला जायचास. लाल कोट घेऊन, भर उन्हाळ्यात तो अंगात घालून पोरांना हसवायचास. राहात्याच्या शाळेत मी पहिल्यांदाच बरोबर आले. पिंपांचं चित्र लागलं आणि पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, तुम्ही तिथं कचरा कुठं टाकायचा?"

तू छाती फुगवून म्हणालास, "टाकायचाच न्हाई! कागदाचा कपटाबी तिथं ठेवत न्हाई आमी."

आणि पाण्याचा ग्लास उचललास.

दोन घोट पाण्याचा वेळ, मामा. तेवढाही दम मला निघाला नाही. मी उभी राहिले आणि सगळ्या हॉलसमोर म्हणाले, "आणि तुझी ताटली, मामा?"

पोरं खदाखदा हसली. त्यांना ‘ताटली’ची मजा वाटली, ‘मामा’ची मजा वाटली. तू ग्लास खाली ठेवलास. म्हणालास, "व्हय. एक राहिली. माझीच." आणि खुर्चीत बसलास. मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं कार्यक्रम संपला. त्यांनी शाल-श्रीफळ दिलं.

येताना मोटारसायकलवर तू म्हणालास, "पुढच्या चित्रात तेच सांगनार हुतो."

मी मागून म्हणाले, "सापडल्यावर सगळे असंच म्हणतात."

हे वाक्य मी पुढाऱ्यांना ऐकवते, मामा. मुकादमांना ऐकवते. ते मी तुला ऐकवलं.

श्रीरामपूर आलं. मग म्हणालास, "दाजींची छपाई आन तुझं तोंड, दोनीला ब्रेक न्हाई." मी हसले, तूही हसलास, आणि मला वाटलं मिटलं. पण त्यानंतर कुठल्याही शाळेने बोलावलं तरी तुझं एकच उत्तर असायचं, "इंजिन खोलून ठेवलंय." लाल कोट मामीने डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत टाकला.

बाकी आपलं काहीच तुटलं नाही. वर्कशॉपामागे ऊस तुटून गेलेल्या तुकड्यात तू टोपली उभी केलीस. शेजारचे गणपतदादा बांधावरून ओरडायचे, "दाविद, ताटल्या फेकायला ध्रुवावर गेल्ता व्हय? आमच्याकडं बायकू रोज फेकती!" तू म्हणायचास, "नेम लागतो का तिचा? मग पुढच्या मोहिमेला तिलाच धाडा." दर रविवारी चर्चनंतर आपण दोघं फेकायचो. मोजायला पंच नसतोच या खेळात. ज्याची फेक त्याने मोजायची, चुकली तर त्यानेच सांगायचं. मी एकदा उसाच्या नव्या फुटव्यात गेलेली फेक मोजली नाही, तर तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. चार फेकींनंतर मीच म्हणाले, "एक जास्त धर." तू म्हणालास, "धरली हुती." आणि माझी ताटली पहिल्यांदा साखळीत वाजली त्या दिवशी तू टोपी काढून उभा राहिलास. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते, कुत्री भुंकत होती, आणि तू मात्र जणू तिथेच, त्या बर्फात. मीही हलले नाही. अंगावर काटा आला होता, हे तुला आज सांगते.

त्या दोन वर्षांत तू एकदाही म्हणाला नाहीस, की लॅपटॉप उघड आणि बघ. एक बटण दाबलं असतं तर मी तोंडघशी पडले असते. का नाही म्हणालास? पुरावा दाखवावा लागणं तुला कमीपणाचं वाटलं? की तुझ्या शब्दावर मी कधीतरी आपणहून विश्वास ठेवीन, याची वाट बघत होतास? दवाखान्यातही विचारलंस ते माझ्याच कामाचं. "नवीन पत्रकात कुनाकुनाची नावं हायेत?" मी तीन-चार नावं सांगितली. तू डोळे मिटूनच म्हणालास, "छाप. पन आधी एकदा त्यांच्या घरी जाऊन ये." मी म्हणाले, बघू. ते आपलं शेवटचं बोलणं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी बिजू आला. केरळहून विमानाने शिर्डी, तिथून टॅक्सीने बेलापूर. मामीच्या पाया पडला, आणि पहिला प्रश्न मला विचारला, "टोपली किधर है?" मी त्याला वर्कशॉपामागे नेलं. तो साखळीला नुसता हात लावून उभा राहिला. मग त्याने मला जे सांगितलं ते तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. तो बर्फ एका जागी नसतो. इतका हळू, की कुणाला दिसत नाही, पण चालत असतो, समुद्राकडे. त्याच्या पोटात जे आहे ते सगळं घेऊन. "दादा हर साल फोन करता था," बिजू म्हणाला. "एक ही सवाल. अब कहाँ तक पहुँची होगी?"

मी तिथेच बांधावर बसले. तुझ्या हातची एक नारिंगी ताटली, कुणी पाऊल न टाकलेल्या अंधारात, बर्फासोबत चाललेली. आणि इथे तू, स्पॅनर हातात घेऊन, वर्षानुवर्षं तिची चौकशी करतोयस. तू ती विसरला असशील, लपवत असशील, असं मला वाटलं होतं.

त्याच आठवड्यात राहात्याच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. मुलांना सरांना श्रद्धांजली वाहायची आहे, याल का? पूर्वीची मी असते तर आधी पत्रक लिहिलं असतं. परवा शनिवारी मी लॅपटॉप आणि लाल कोट घेऊन नुसतीच गेले.

तोच हॉल. तेव्हाची पाचवी आता सातवीत. मी बोलायला तोंड उघडणार, तोच दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, त्या दिवशी सर बोलत असताना मधीच बोलल्या त्या तुमीच ना?"

बाई तिला गप्प करायला उठल्या. मी म्हणाले, राहू द्या.

"हो, मीच," मी म्हणाले. "माझं नाव सुवार्ता. सर पाणी पीत होते. त्यांना जे सांगायचं होतं ते मी त्यांच्या तोंडून काढून घेतलं, आणि वर त्यांच्यावर विश्वासही ठेवला नाही. ती माझी चूक होती. ती मी याच हॉलमध्ये केली, म्हणून इथेच सांगते."

मुलांना असल्या बोलण्याचं काय करायचं ते कळत नाही, आणि ते बरंच असतं. मग मी पांढरं चित्र लावलं. "सरांना हे दाखवायचं होतं." मागच्या बाकांवरची मुलं उठून पुढे आली, ठिपका शोधू लागली. सापडला तसा एकेक जण बोट दाखवू लागला. मी त्यांना झेंडे सांगितले, भेगा सांगितल्या, टेबलावर जुळवलेले तुकडे सांगितले, नोंदवहीतल्या ओळी सांगितल्या. शेवटी बर्फाचं सांगितलं, की तो चालतो.

खिडकीपाशी उभा असलेला एक मुलगा बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत होता.

"किती दिसांत पोचंल समुद्रात?"

"माहीत नाही. तुम्ही म्हातारे व्हाल, तरी ती वाटेतच असेल."

"म्हंजी आता आपन बोलतोय तवाबी ती चाललीय?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

"आत्ताबी," मी म्हणाले.